शेवटच्या सत्रातली सुरुवात

मंगळवार, ९ जानेवारी २०१८. सकाळचे आठ वाजून दहा मिनिटे. केटल क्रीक कम्युनिटी कॉलेजच्या यश केंद्रात बाकांवर एकेचाळीस विद्यार्थी बसले होते आणि त्यांना यशाकडे नेण्यासाठी तीन सल्लागार हजर होते. त्यांतला एक कॉफीचे यंत्र दुरुस्त करत होता. तो मी.

या जागेचे नाव पूर्वी नुसते 'सल्ला कार्यालय' होते. पुढे ते 'सल्ला व मार्गदर्शन विभाग' झाले, आणि डॉ. प्रिसिला ऑस्टग्रेन संचालिका म्हणून आल्यावर 'यश केंद्र' झाले. नावाबरोबर पाटी बदलली, पाटीबरोबर भिंतींचा रंग बदलला, आणि भिंतींवर डोंगर चढणाऱ्या माणसांची मोठमोठी चित्रे लागली. खुर्च्या आणि सल्ला मात्र पूर्वीचेच राहिले. मी याच कॉलेजच्या यंत्रशाळेत सत्तावीस वर्षे लेथ चालवायला शिकवले. निवृत्तीनंतर आठवड्यातले तीन दिवस इथे बसतो. लेथवर माप चुकले तर तुकडा भंगारात जातो आणि चूक कोणाची हे त्याच क्षणी कळते. सल्ल्याच्या कामात अशी गैरसोय नाही.

साडेनऊच्या सुमारास मार्लेटा क्विग्ली माझ्यासमोर येऊन बसल्या. वय एक्केचाळीस. नगरपालिकेत त्या अकरा वर्षे पाण्याचे मीटर वाचत होत्या आणि गेली सहा वर्षे, एका सत्राला दोन विषय अशा गतीने, आमच्याकडे जलतंत्रज्ञानाची दोन वर्षांची पदवी घेत होत्या. बुटांवरचा बर्फ त्यांनी दाराशी झाडला होता आणि उरलेला माझ्या टेबलाखाली वितळत होता.

"दोन मिनिटांचं काम आहे, मिस्टर हॅसलर," त्या म्हणाल्या. "या सत्रात रसायनशास्त्राचा एक विषय उरलाय. तो झाला की संपलं. पदवीच्या अर्जाला तुमची मंजुरी लागते, एवढंच."

मी संगणकावर त्यांची प्रगती उघडली. पडदा वरपासून खालपर्यंत हिरवागार होता. मी त्यांचे अभिनंदन केले, 'पदवीसाठी अर्ज' या खुणेवर टिचकी मारली, आणि पडदा लाल झाला.

"साठ क्रेडिट लागतात, बाई. रसायनशास्त्र धरून तुमची एकोणसाठ होतात. एक विषय राहिलाय."

"कुठला?"

"'महाविद्यालयाची सुरुवात'. एक क्रेडिट. पहिल्या सत्रात घ्यायचा असतो."

त्या मोठ्याने हसल्या. शेजारच्या टेबलावरचा सल्लागार केंडल यॅन्सी मान वळवून पाहू लागला.

"अहो, तो वर्ग? गेली तीन सत्रं त्या वर्गाची विद्यार्थी-मार्गदर्शक मीच आहे! मागच्या सत्रात बावीस पोरांना मी शिकवलं, विषय कसे निवडायचे, सल्लागाराला काय विचारायचं, काही राहून जात नाही ना हे कसं बघायचं..."

"शिकवलंत," मी म्हणालो. "घेतला नाहीत."

त्यांचे हसणे हळूहळू बंद झाले, पाण्याचा मुख्य नळ कोणीतरी फिरवावा तसे.

हे कसे घडले ते समजायला मला फारसा वेळ लागला नाही. पहिल्या सत्रात सल्लागाराने त्यांना सांगितले होते, गणित आधी करा, सुरुवात नंतर करता येईल. दुसऱ्या सत्रातल्या सल्लागाराने तेच सांगितले. सहा वर्षांत त्यांना आठ सल्लागार लाभले. त्यांतले पाच अधिक चांगल्या नोकऱ्या धरून निघून गेले, बहुधा कोणाच्या तरी सल्ल्यावरून. प्रत्येकाने हा विषय पुढच्या सत्रासाठी 'नियोजित' म्हणून नोंदवला आणि विद्यार्थिनीला हसतमुखाने निरोप दिला. आमच्या संगणकप्रणालीत 'पूर्ण' झालेला विषय हिरवा दिसतो आणि 'नियोजित' विषयही हिरवाच दिसतो. एक हिरवा गवताचा, दुसरा मटारचा. दोन्ही शेजारी ठेवून निरखून पाहिले, तर फरक कळतो. ज्या समितीने हे रंग निवडले तिच्या मते विद्यार्थ्याला लाल रंग दाखवल्याने त्याचे मनोधैर्य खचते. म्हणून लाल रंग शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवला होता.

"मला एक जूनच्या आत पदवी हवी आहे," मार्लेटाबाई म्हणाल्या. आवाज खाली आला होता. "जलशुद्धीकरण केंद्रातला प्रयोगशाळेचा माणूस निवृत्त होतोय. त्याची जागा मला द्यायचं ठरलंय, लेखी दिलंय. पण अट आहे, एक जूनला पदवी हातात पाहिजे. नसली तर दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार."

"तो कसा आहे?"

"पदवी आहे त्याच्याकडे. पाण्याशी संबंध आंघोळीपुरता."

"मग आत्ताच तो वर्ग घ्या. या सत्रात एक तुकडी आहे, मंगळवारी चार वाजता." मी नोंदणीची खिडकी उघडून त्यांचा क्रमांक घातला. प्रणालीने नकार दिला आणि नकाराचे कारणही सौजन्याने दिले: ज्यांच्याकडे तीसपेक्षा अधिक क्रेडिट आहेत अशा विद्यार्थ्यांना या वर्गाची आवश्यकता नाही.

मार्लेटाबाईंनी ते वाक्य दोनदा वाचले. "म्हणजे सुरुवात केल्याशिवाय मला संपवता येणार नाही. आणि सुरुवात करायला मी फार पुढे आलेय."

"अगदी बरोबर," मी म्हणालो. "तुम्ही आमची नियमावली बऱ्याच सल्लागारांपेक्षा लवकर समजून घेतलीत."

आम्ही दोघे डॉ. ऑस्टग्रेन यांच्याकडे गेलो. त्या वर्गाच्या शिक्षिका त्याच, केंद्राच्या संचालिका त्याच, आणि प्रणालीला 'हा अपवाद समज' असे सांगण्याचा अधिकारही त्यांनाच. विद्यार्थ्यांना सल्ला कसा द्यावा या विषयावर त्यांनी डॉक्टरेट मिळवली आहे. विद्यार्थी या विषयावर मात्र त्यांचा अभ्यास अजून चालू आहे. टेबलावर केंद्राच्या नव्या पत्रकांचा गठ्ठा होता. मुखपृष्ठावर एक स्त्री पुस्तक छातीशी धरून आकाशाकडे पाहत होती आणि खाली ठळक अक्षरांत लिहिले होते: 'मी योग्य सुरुवात केली. तुम्ही?' ती स्त्री मार्लेटा क्विग्ली होती.

मी अडचण सांगितली. डॉ. ऑस्टग्रेन यांनी ती चेहऱ्यावर पुरेशी सहानुभूती ठेवून ऐकली.

"मार्लेटा, तुम्ही आमच्या सर्वोत्तम मार्गदर्शक आहात," त्या म्हणाल्या. "तुम्हाला काय वाटत असेल ते मी समजू शकते."

"मला काही वाटत नाहीये मॅडम, मला नोंदणी पाहिजे."

"त्यासाठी सवलत समिती आहे ना. फार चांगली माणसं आहेत समितीवर."

"कधी बसते?"

"सप्टेंबरात."

"मला जूनमध्ये पाहिजे."

"मग पुढच्या वर्षीच्या जूनसाठी अगदी वेळेत होईल," डॉ. ऑस्टग्रेन प्रसन्नपणे म्हणाल्या.

"तुम्ही स्वतः अपवाद करू शकता, प्रिसिला," मी म्हणालो. "एका टिचकीचं काम आहे."

त्यांनी पत्रकाकडे पाहिले, मग दाराकडे पाहिले. "वर्नन, तुम्ही यंत्रातली माणसं, तुम्हाला एक टिचकी म्हणजे एक टिचकी वाटते. गेल्याच महिन्यात मी राज्याला कळवलंय की, पदवीच्या उंबरठ्यावर असलेल्या आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याने हा विषय पूर्ण केलेला आहे. शंभर टक्के. आता मी हिला त्या वर्गात बसवलं तर तो आकडा..." पुढचे त्यांनी हाताने दाखवले. आकडा पडताना कसा दिसतो ते कळले.

"आणि मी तीन सत्रं तो वर्ग चालवायला मदत केली, त्याचं एक क्रेडिट धरता येत नाही?" मार्लेटाबाईंनी विचारले.

"शिकवणं हा शिकण्याचा पर्याय नाही," डॉ. ऑस्टग्रेन म्हणाल्या. आमच्या कॉलेजबद्दल इतके प्रामाणिक विधान मी त्यापूर्वी ऐकले नव्हते.

परत टेबलाशी आलो तेव्हा केंडल डोनट खात वाट पाहत बसला होता. वय सव्वीस, स्वभाव आनंदी. समोरच्याला काहीही अडचण असली तरी 'तुम्ही करालच!' असे म्हणून तो ती सोडवतो. मी त्याच्याकडून त्याहून जास्त अपेक्षा कधी केली नव्हती.

"वर्न, एवढं काय त्यात?" तो बोटांवरची साखर चाटत म्हणाला. "तिचा अभ्यासक्रम बदला. जलतंत्रज्ञान काढा, 'अनिश्चित' लावा. आधीची क्रेडिटं त्या अभ्यासक्रमाची, ती मग मोजलीच जात नाहीत. शून्य! शून्यवाल्याला कुठलाही वर्ग मिळतो."

मी त्याच्याकडे आदराने पाहिले. "हे तुला कुणी शिकवलं?"

"मागच्या वर्षी चुकून एकाचं केलं होतं. त्याला परत आणायला आठ महिने लागले."

तेवढ्याने माझा आदर ओसरला, पण युक्ती खरी होती. मी नियम वाचले, जे आमच्याकडे अपवादात्मक मानले जाते. बदललेला अभ्यासक्रम त्याच दिवशी परत पूर्वीसारखा केला तर काही बिघडत नाही. दिवस मावळू दिला तर मात्र विद्यार्थी चालू वर्षाच्या नव्या नियमांखाली येतो आणि त्याच्यावर आणखी तीन विषय बसतात. केंडलच्या विद्यार्थ्याचे तेच झाले होते.

मार्लेटाबाईंना मी हे समजावून सांगितले. त्यांनी हातमोजे काढून टेबलावर ठेवले.

"अकरा वर्षं मी मीटर उलटं फिरवणारे पकडतेय, मिस्टर हॅसलर. लोकांच्या तळघरात शिरून, कुत्र्यांना चुकवून. आज तुम्ही मला तेच करायला सांगताय."

"मीटर उलटं फिरवून लोक पाणी चोरतात. तुम्ही तर आमच्याकडून आणखी एक वर्ग मागताय. अशी चोरी कुणी केल्याचं मी ऐकलेलं नाही."

"पण खोटं काही लिहायचं नाही ना?"

"'अनिश्चित' म्हणजे पुढे काय करायचं ते माहीत नाही, एवढाच अर्थ. या क्षणी तुम्हाला ते माहीत आहे का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "या क्षणी अजिबात नाही."

"मग खरंच आहे की."

दुपारी मी टिचकी मारली. सहा वर्षांचे काम पडद्यावरून नाहीसे झाले आणि मार्लेटा क्विग्ली नावाची एक नवी, ध्येयहीन विद्यार्थिनी जन्माला आली. प्रणालीने तिचे आनंदाने स्वागत केले. 'महाविद्यालयाची सुरुवात' या वर्गात तिला चौदावी जागा मिळाली. मग मी दुसरी टिचकी मारून तिला जलतंत्रज्ञानात परत आणले, आणि खिडकी बंद करण्याआधी दोनदा तपासून पाहिले.

ही चौदावी जागा महत्त्वाची होती, कारण चौदापेक्षा कमी विद्यार्थी असले तर तुकडी रद्द होते. पहिल्या मंगळवारी डॉ. ऑस्टग्रेन वर्गात आल्या तेव्हा त्यांना आपली सर्वोत्तम मार्गदर्शक विद्यार्थ्यांच्या रांगेत बसलेली दिसली. मार्लेटाबाईंनी हा प्रसंग मला दुसऱ्या दिवशी सांगितला.

"मला म्हणाल्या, 'तुम्ही आज मार्गदर्शक म्हणून बसला आहात ना?' मी म्हटलं, दोन्ही म्हणून. त्यांनी डोकी मोजली. मग परत मोजली. मग म्हणाल्या, 'वर्गात सगळ्यांचं स्वागत आहे.'"

राज्याला कळवलेला आकडा पडू द्यायचा, की तुकडीच पडू द्यायची, असा तो प्रश्न होता. तुकडी पडली असती तर ते सर्वांना दिसले असते.

यापुढच्या गोष्टींचा मात्र मी विचार केला नव्हता. अभ्यासक्रम पूर्ववत झाला तरी प्रणालीच्या लेखी मार्लेटाबाई आता नव्या होत्या, आणि नव्यांसाठी आमच्याकडे फार प्रेम आहे. त्यांना स्वागताचा संदेश आला. कॉलेजचे चिन्ह असलेली पाण्याची बाटली आली. ग्रंथालय कुठे आहे ते दाखवणारी सहल ठरली, सकाळी दहाची, म्हणजे त्या मीटर वाचत असतील तेव्हाची. ग्रंथालयात त्या सहा वर्षे बसत होत्या, तरी सहल चुकल्याचे गुण कापले गेले. आणि प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला प्रणाली आपोआप एक अनुभवी मार्गदर्शक नेमून देते. त्या तुकडीला एकच मार्गदर्शक होती. म्हणून मार्लेटा क्विग्ली यांना मार्गदर्शक म्हणून मार्लेटा क्विग्ली मिळाल्या.

फेब्रुवारीच्या अखेरीस त्या एक दिवस दुपारी माझ्याकडे आल्या आणि खुर्चीवर न बसताच उभ्या राहिल्या.

"मिस्टर हॅसलर, मी मला भेटत नाही, अशी माझ्याबद्दलची तक्रार माझ्याकडे आली आहे."

"काय म्हणता?"

"दोन संदेश आलेत. एक विद्यार्थिनी म्हणून: 'तुम्ही धोक्याच्या पातळीवर आहात, आपल्या मार्गदर्शकाशी ताबडतोब संपर्क साधा.' दुसरा मार्गदर्शक म्हणून: 'तुमची एक विद्यार्थिनी धोक्यात आहे. तिला आधाराची गरज आहे. तिला प्रेमाने विचारा.'"

"मग विचारलंत?"

"विचारलं. ती म्हणाली, तिला एकटं सोडा."

केंडल खुर्चीसकट आमच्याकडे सरकला. "त्यात काय, लिहून टाका की! तीन भेटी झाल्या म्हणून. रोज सकाळी आरशात बघताच ना? तीन भेटींचे पंधरा गुण आहेत."

"नाही," त्या म्हणाल्या. "अरे, अकरा वर्षांत मी न पाहिलेलं रीडिंग एकदाही लिहिलेलं नाही. बर्फात झाकण उघडत नसलं तर 'उघडलं नाही' असं लिहिलं, आकडा बनवला नाही. मी मला भेटले, असं मी लिहिणार नाही."

"पण तुम्ही तुम्हीच आहात!"

"म्हणूनच. मला माहितीये, भेट झाली नाही ते."

केंडल माझ्याकडे मदतीसाठी पाहू लागला. मी कॉफीच्या यंत्राकडे पाहिले. भेटींचे पंधरा गुण गेले.

उरलेल्या गुणांचा हिशेब असा होता. हजेरी आणि सहल मिळून तीस गुण. त्यांचे मार्लेटाबाईंना चोवीस मिळाले. 'माझी ध्येये' या निबंधाला वीस. त्यात जवळचे, मधले आणि लांबचे अशी तीन ध्येये मागितली होती. मार्लेटाबाईंनी एकच वाक्य लिहिले: 'एक जूनला पाण्याच्या प्रयोगशाळेत कामाला लागायचे.' त्याला बारा गुण मिळाले आणि खाली शेरा होता: 'ध्येय अरुंद. स्वप्ने मोठी ठेवा.' व्यवसायातल्या एका माणसाची मुलाखत पंधरा गुणांची होती. ती त्यांनी प्रयोगशाळेतल्या निवृत्त होणाऱ्या गृहस्थांचीच घेतली आणि पूर्ण गुण मिळवले. एकूण एक्कावन्न. उत्तीर्ण होण्यासाठी सत्तर लागत होते. आता फक्त शेवटचे काम शिल्लक होते, 'पुढील सत्राचा माझा आराखडा', गुण वीस. त्यात किमान एकोणीस मिळाले नसते, तर प्रयोगशाळेची जागा आंघोळीपुरता संबंध असलेल्या तरुणाकडे गेली असती. आणि डॉ. ऑस्टग्रेन यांनी आराखड्याला अठरापेक्षा जास्त गुण दिल्याचे कुणालाच आठवत नव्हते.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात त्या आराखड्यासाठी आल्या. सल्लागाराच्या मंजुरीशिवाय तो जमा होत नाही. पडद्यावर चार मोकळ्या चौकटी होत्या, ऑगस्टात सुरू होणाऱ्या शरद सत्रातल्या चार विषयांसाठी. मार्लेटाबाईंनी पहिल्या चौकटीवर बोट ठेवले.

"इथे मी काय लिहू? शरद सत्रात मी इथे नसणार. मग 'काही नाही' लिहिते. ते खरं आहे."

"रिकामा आराखडा प्रणाली घेत नाही. आणि शून्य मिळेल."

"म्हणजे खोटं लिहायचं."

या बाईंनी पंधरा गुण सोडून दिले होते, तेव्हा शब्द जपून वापरणे भाग होते. "बाई, रीडिंग म्हणजे काय?"

"झालं ते."

"आराखडा झालेल्या गोष्टीचा नसतो. होईलच असाही त्याचा दावा नसतो. हे केंद्र स्थापन झाल्यापासून इथला कुठलाही आराखडा तसाच्या तसा घडलेला नाही, आणि त्याला कुणी खोटा म्हटलेलं नाही. चौकटीवर काय लिहिलंय वाचा."

त्यांनी वाचले. "'मला पुढील सत्रात काय शिकायला आवडेल?'"

"होणार आहे का, असं विचारलेलंच नाही. आवडेल का, एवढंच विचारलंय."

त्या खुर्चीत मागे टेकल्या. खिडकीबाहेर गाड्यांच्या तळावर बर्फाचे शेवटचे काळे ढीग वितळत होते.

"आठ सल्लागार झाले," त्या म्हणाल्या. "काय लागतं ते प्रत्येकाने सांगितलं. काय आवडेल, हे कुणी विचारलं नाही."

"मीही नाही."

"तुम्ही निदान कॉफीचं यंत्र दुरुस्त केलंत." त्यांनी विषयांची सूची स्वतःकडे ओढली आणि बोट फिरवत निघाल्या, मीटरच्या आकड्यांवरून फिरवावे तसे. "मातीची भांडी. हे आहे तुमच्याकडे? सहा वर्षं मी त्या भट्टीच्या दारावरून रसायनशास्त्राला जातेय. लिहा. फ्रेंच, प्राथमिक. का ते विचारू नका. वेल्डिंग, कारण आमच्याकडे झाकणं गंजून चिकटतात आणि वेल्डरची वाट बघावी लागते. आणि हे, खगोलशास्त्र."

"ते का?"

"अकरा वर्षं वाकून खड्ड्यांत बघतेय, मिस्टर हॅसलर. एकदा वर बघायचंय."

मी मंजुरी दिली. चार ओळींत चार कारणे त्यांनी स्वतः लिहिली, जशी बोलल्या तशीच. फ्रेंचच्या ओळीत 'कारण विचारू नका' हेही. मला वाटले, अठरा मिळतील. अठरा आणि एक्कावन्न एकोणसत्तर होतात.

गुण लागले ते शुक्रवारी, ११ मे रोजी सकाळी. मार्लेटाबाई मीटर वाचायला निघण्याआधी माझ्याकडे आल्या होत्या. फोनवर बघायला त्यांचे मन धजत नव्हते. केंडलही खुर्ची ओढून आला, आणि या वेळी 'तुम्ही करालच' म्हणाला नाही. मी खिडकी उघडली. आराखड्याच्या रकान्यात वीस होते. वीसपैकी वीस. खाली डॉ. ऑस्टग्रेन यांचा शेरा होता: 'अखेर ध्येय रुंदावले! या विद्यार्थिनीला आमच्याकडे मोठे भवितव्य आहे.'

"एकाहत्तर," केंडल म्हणाला.

"एकाहत्तर," मार्लेटाबाई म्हणाल्या. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "पत्रकावर माझं चित्र आहे, आणि मी एका गुणाने पास झाले."

"चित्राखाली तो आकडा छापा म्हणून मी सुचवतो," मी म्हणालो.

"खबरदार! पोरं सावध होतील."

रसायनशास्त्रात त्या आधीच उत्तीर्ण झाल्या होत्या, तेव्हा त्या दिवशी मी त्यांचा पदवीचा अर्ज पुन्हा उघडला आणि टिचकी मारली. पडदा हिरवाच राहिला. यावेळी गवताचा.

डॉ. ऑस्टग्रेन यांनी तो आराखडा केंद्राच्या दर्शनी भिंतीवर चौकटीत लावला, डोंगर चढणाऱ्या माणसांच्या मधोमध, आदर्श नमुना म्हणून. एक जूनला मार्लेटाबाई प्रयोगशाळेत रुजू झाल्या. आता शहरातल्या निरनिराळ्या नळांच्या पाण्याचे नमुने त्या तपासतात. त्यांत आमच्या कॉलेजचा नळही येतो. त्यांचा तपासणीचा निकाल दर महिन्याला लागतो आणि त्यात रंग दोनच असतात, एकमेकांत न मिसळणारे.

ऑगस्टच्या अखेरीस त्यांना यश केंद्राचे एक पोस्टकार्ड गेले. 'आम्हाला तुमची आठवण येते. तुम्ही आपल्या स्वप्नांकडे का परतला नाहीत?' त्यांच्यासाठी खगोलशास्त्राच्या वर्गात एक खुर्ची राखून ठेवली होती. ते कार्ड त्यांनी प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाच्या वर टाचून ठेवले आहे, असे त्यांनी मला फोनवर सांगितले. मंगळवारी संध्याकाळी भट्टीच्या वर्गाला बाहेरच्यांना येऊ देतात का, तेही विचारले. मी चौकशी करून कळवले, की देतात, फक्त आधी सल्लागाराची भेट घ्यावी लागते. त्या म्हणाल्या, मग राहू दे, मी बशा विकत आणीन.

सप्टेंबरात सवलत समिती बसली. तिच्यापुढे एकही अर्ज नव्हता. तिने स्वतःच्या कामाबद्दल समाधान व्यक्त केले आणि चिली नावाची राजमा-खिम्याची उसळ खाऊन सभा संपवली. त्याच आठवड्यात केंद्राचा अहवाल राज्याला गेला. 'महाविद्यालयाची सुरुवात' या तुकडीचा निकाल केंद्राच्या इतिहासात सर्वोत्तम होता, आणि जे एक अपयश आले त्याची कारणे शोधण्यासाठी डॉ. ऑस्टग्रेन यांनी नवी समिती नेमली आहे. मला तिच्यावर घेतले आहे. अहवालातली ती ओळ अशी आहे:

नवे विद्यार्थी चौदा. पुढील सत्रात परतलेले तेरा. शिक्षण अर्धवट सोडून गेलेले: एक.